गरगरतं कधी, ते आधी सांगा

दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की खोली गर्रकन फिरते. अर्ध्या मिनिटात सगळं जागच्या जागी येतं आणि मग घरात निदानं सुरू होतात. सासूबाई म्हणतात पित्त, शेजारच्या काकू म्हणतात बीपी लो झालं असेल, मोबाइलमधून डोकं न काढणारा मुलगा मानेच्या मणक्यांना दोष देतो. लिंबूसरबत येतं, सकाळी अनशापोटी मोरावळा सुरू होतो. कानाचं नाव मात्र कोणी घेत नाही. वर बघताना, कुशीवर वळताना, वाकून उठताना येणारी आणि मिनिटभरात थांबणारी गरगर बहुतेक वेळा कानातूनच आलेली असते.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपला ज्याचा बनतो त्याच पदार्थाचे, सूक्ष्म कण असतात. डोकं कुठे कललं आहे हे मेंदूला कळण्यासाठी ते हवेतच, पण आपल्या जागी. उतारवयात, डोक्याला मार लागल्यावर किंवा उगाचच ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. तिथल्या द्रवात ते घरंगळले की डोकं फिरत असल्याचा निरोप मेंदूला जातो; डोळ्यांचं म्हणणं नेमकं उलट असतं. या गोंधळात पोट ढवळतं, उलटी होते, आणि पित्ताची शंका पक्की होते.

हा कानाचा प्रकार आहे हे वैद्यकालाही उशिराच कळलं. 1861 साली पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी चक्करेचं मूळ कानात असू शकतं असं मांडलं, तोवर मेंदूत रक्त साचलं असं समजून रोग्यांना जळवा लावत. पुढे व्हिएन्नातले रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत असताना वेगळंच काही त्यांच्या लक्षात आलं. गार पाण्याने रुग्णाचे डोळे एका बाजूला झटके देत, गरम पाण्याने उलट बाजूला. त्यातून कान आणि तोल यांचं नातं उलगडलं. 1914 चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते! डोक्याच्या स्थितीने येणाऱ्या चक्करेचं वर्णनही त्यांनीच 1921 साली केलं.

उपाय यायला आणखी काही दशकं गेली. अमेरिकेत पोर्टलंडचे जॉन एपली म्हणाले, कण नळीत शिरलेच आहेत तर डोकं वळवून ते परत बाहेर घरंगळवू. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. सहव्यावसायिकांनी आधी चेष्टाच केली. त्यांचा लेख 1992 मध्ये छापून आला आणि आज कान-नाक-घसा तज्ज्ञ तपासणीच्या टेबलावरच हा प्रकार करतात. डोकं बिघडलेल्या कानाकडे वळवून रुग्णाला झटकन आडवं करायचं, मान टेबलाच्या कडेखाली थोडी लोंबती ठेवून अर्धं मिनिट थांबायचं, मग डोकं दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, मग बसतं. चार-पाच मिनिटांचं काम. बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेऊन सुस्तावलेली माणसं पाहिली की हे ठाऊक असलेलं बरं वाटतं. कोणता कान आणि कोणती नळी हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं. मान किंवा पाठ दुखावलेल्यांनी व्हिडिओ बघून घरी उड्या मारू नयेत.

उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तो मामला निराळा. उभं राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांत आणि पोटात उतरतं आणि शरीराने ते तत्काळ सावरायचं असतं. तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं, तर तो दोष धरतात. उपाशीपोटी कढत पाण्याने अभ्यंगस्नान करून झटकन उठणाऱ्या आजोबांना हे हमखास होतं, विशेषतः बीपीची, लघवी वाढवणारी किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर. बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा मोजा म्हणून डॉक्टरांना खुशाल सांगावं.

दिवसभर डोकं जड आणि अंग गळून गेल्यासारखं असेल, तर अपुरी झोप, घोरणं, थायरॉइड, अर्धशिशी, मनावरचा ताण, यांतलं काहीही असू शकतं. पण आपल्याकडे आधी रक्त बघावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. 9 वर असलेल्या कित्येकजणी ‘थकवा काय, येतोच’ म्हणत फराळाचे घाणे काढत असतात.

या रक्तक्षयाच्या संशोधनाचं एक प्रकरण मुंबईत घडलेलं आहे. 1928 साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली आणि गिरणीकामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयामागे लागली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ने, रक्त सुधारतं हे तिने 1931 मध्ये छापलं. त्यातला घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड निघाला. गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत लोहासोबत आज तोच असतो.

शाकाहारी घरांत बी-12 चीही तूट असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. थकवा, पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं या त्या तुटीच्या खुणा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या पित्ताच्या गोळीनेही बी-12 घटतं. म्हणजे चक्कर पित्ताची समजून रोज गोळी गिळायची आणि तिनेच थकवा वाढवायचा, असाही प्रकार होतो.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, एकाचं दोन दिसू लागलं, चालताच येईना, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करावा.

आता पुन्हा रक्तक्षयाकडे. त्यावरच्या लोहाच्या गोळीने शी काळी होते, म्हणून घाबरून पुष्कळजण ती आठवड्यात सोडतात. गोळीमुळे रंग बदलला तर त्यात धोका नाही. जेवणाला लागून चहा घेऊ नये आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही गोळी काही महिने चालू ठेवावी लागते. पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या बाईच्या रक्तात लोह कमी निघालं, तर रक्त झिरपतंय कुठून, मूळव्याध, पोटातला व्रण की आतड्यातली गाठ, याचा शोध गोळीबरोबरच सुरू व्हायला हवा.