शेवंतीला हवी रात्र

दिवाळी जवळ आली, की शेवंती लावणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘रोपवाटिकेतून आणली तेव्हा कुंडी फुलांनी भरलेली होती. आता खत घालतो, पाणी घालतो, पानंही हिरवीगार आहेत. पण कळी म्हणून दिसत नाही!’ मग कुणी माती बदलतं, कुणी खत बदलतं आणि शेवटी झाडच टाकून देतं. मी अशा वेळी एकच विचारतो : रात्री त्या कुंडीवर उजेड कुठून पडतो?

शेवंती हे रात्र मोजणारं झाड आहे. पुण्याच्या आसपास जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवस-रात्र सारखे होतात आणि मग रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते. तेवढ्या फरकावर शेवंती आपला हंगाम ठरवते. दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेतल्या गार्नर आणि ॲलर्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडला. पुढे १९३० च्या दशकात मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने शेवंतीवरच प्रयोग केले. रात्रीची लांबी कळते ती पानांना. पानांकडून निरोप शेंड्याकडे जातो आणि तिथे कळी धरते, असं त्यातून दिसलं.

हे कळलं, की रोपवाटिकेतल्या कुंडीचं कोडंही सुटतं. व्यावसायिक बागायतदार हरितगृहात झाडांवर काळं कापड ओढून लवकर रात्र करतात आणि अवेळी फुलं घेतात. फुलं लांबवायची असतील, तर मध्यरात्री काही तास दिवे लावतात. सलग अंधार मोडला, की झाडाच्या हिशेबी ती रात्र लहानच राहते. आपल्या गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा नकळत हेच काम करतो. चांदण्याची मात्र भीती नाही. ते त्या मानाने फार मंद असतं.

आमच्या घरातली पिवळी शेवंती अम्माने लावलेली. अम्मा तिची फुलं गुरुवारी दर्ग्यावर न्यायची आणि शेजारच्या काकू मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला. अम्मा गेल्यावर ती कुंडी आमच्या फ्लॅटमध्ये आली. पुढे गॅलरीसमोर रस्त्यावरचा मोठा दिवा बसला आणि त्या वर्षी एकही कळी आली नाही. अम्माच्या मागे तिची शेवंतीही जाणार, असं घरात सगळ्यांना वाटलं. पुढच्या सप्टेंबरपासून आम्ही कुंडी रोज संध्याकाळी सहाला अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत ठेवू लागलो आणि सकाळी आठला उन्हात. ऑक्टोबरात कळ्या दिसल्या, नोव्हेंबरात झाड फुललं.

कुंडी उचलवत नसेल, तर तेवढे तास तिच्यावर जाड खोका किंवा दुहेरी काळं कापड घालावं. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हा नेम चुकवू नये. दिवसा मात्र पाच-सहा तास तरी ऊन हवंच. अंधार हवा म्हणून झाड दिवसभर सावलीत ठेवलं, तर ते नुसतं लांबतं.

बाकीची निगा सोपी आहे. फुलं संपली, की जानेवारी-फेब्रुवारीत झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावं. बुंध्याशी मातीतून कोवळे फुटवे येतात. त्यांना काशा म्हणतात. त्या मुळासकट वेगळ्या करून लहान कुंड्यांत लावाव्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी आठ-दहा इंची कुंडीत हलवाव्यात. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू असं मिश्रण असावं. पावसाळ्यात कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना, ते पाहावं. पाणी साचलं, की मुळं कुजतात. पाणी मुळाशी घालावं. पानं ओली राहिली, तर त्यांवर काळे ठिपके पडतात.

रोप वीतभर झालं, की शेंडा खुडावा. हात धजावत नाही, पण त्यामुळेच बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. ऑगस्टअखेर खुडणं थांबवावं. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला, तर साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावा किंवा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी.

मी कविता लिहितो. आम्हा कवींची भिस्त दिव्यावर. अंधार आमच्याकडे बहुधा दुःखासाठीच येतो. शेवंतीने मला अंधाराचा दुसरा उपयोग दाखवला. तेव्हा यंदा झाडाला दोष देण्याआधी गॅलरीतला दिवा मालवून पाहा. आणि फुलं आली, तर जानेवारीत दोन काशा शेजारी द्या. आपली कुंडी कधी दगावलीच, तर ती शेवंती शेजारच्या घरी तरी जिवंत असते.