कानातल्या बड्सना वऱ्हाडी कधी समजणार?

गोंगाट गाळायला कानातली यंत्रं शिकली. फोनला प्रमाण मराठीही बऱ्यापैकी कळायला लागली. पण 'मले', 'डोया', 'येशीन' म्हटलं की गाडी अडते. आणि आपल्याच जिल्ह्यात एक भाषा अशी आहे, जिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सापडलेलं नाही. तिचं काय?

खामगावहून बुलढाण्याकडे निघालेली एसटी. खिडक्यांचा खडखडाट, कंडक्टरचं 'पुढे सरका, पुढे सरका', मागच्या सीटवर जोरात चाललेल्या गप्पा. निम्म्या पोरापोरींच्या कानात बड्स. एवढ्या कलकलाटात कुणीतरी फोनवर बोलत असतं, आणि पलीकडच्याला ते नीट ऐकूही जातं. हजार-दीड हजार रुपयांच्या बड्सनी हे काम केलेलं असतं.

आता तोच मुलगा बड्सला टॅप करून फोनला त्याच्या घरच्या बोलीत काही विचारतो. आवाज तोच, बड्स तेच. पण स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटतं. म्हणजे आवाज पोहोचला, बोलणं नाही पोहोचलं. या दोन गोष्टींमध्ये अंतर आहे, आणि ते फक्त चांगल्या मशीननं भरून निघणारं नाही. त्यासाठी आपली माणसं लागणार आहेत.

आवाज स्वच्छ होतो कसा?

आधी पहिली गोष्ट समजून घेऊ. एका बडमध्ये बहुतेक वेळा दोन किंवा जास्त माईक असतात, तांदळाच्या दाण्याएवढे. समजा दोन माईकमध्ये २ सेंटिमीटरचं अंतर आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगानं जातो. म्हणजे तोंडातून निघालेला शब्द एका माईकवर आधी पोहोचतो आणि दुसऱ्यावर किंचित उशिरा. किती उशिरा? सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातले जेमतेम ५८. एवढ्याशा फरकावरून आतली चिप ठरवते, की हा आवाज तोंडाच्या दिशेनं आलाय आणि तो खिडकीच्या दिशेनं. मग तोंडाकडचा वाढवायचा, बाकीचा दाबायचा.

गोंगाट मारण्याची दुसरी युक्ती याहून जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं. आवाज म्हणजे लाट. तिच्या बरोब्बर उलटी लाट तयार करून तिच्यावर सोडली, की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना साधी, पण ती कानापर्यंत यायला कित्येक वर्षं गेली. १९७८ मध्ये विमानात बसलेल्या अमर बोस यांना हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीमुळे धड काही ऐकूच येईना. त्यांनी तिथल्या तिथे कागदावर आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला १९८९ मध्ये. आज तीच गोष्ट आपल्या खिशात मावते.

आणखी एक अनुभव सगळ्यांचाच. गाणं मस्त वाजत असतं, कॉल लागतो आणि एकदम सगळं डब्यातून आल्यासारखं वाटायला लागतं. बड्स बिघडलेले नसतात. माईक चालू झाला की ब्लूटूथला जाणारा आणि येणारा असे दोन्ही आवाज वाहायचे असतात, म्हणून ते दर्जा खाली आणतं. जुन्या टेलिफोनचं तर याहून वाईट. तो ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या मधलाच आवाज पाठवायचा. 'स' आणि 'फ' यांची खरी ओळख त्याच्या वर असते, ती कापली जायची. म्हणून तर फोनवर नाव सांगताना अजूनही 'स, समईचा स' असं करावं लागतं.

तर हे झालं ऐकण्याचं. इथवर विज्ञानाला भाषेशी फारसं देणंघेणं नाही. वऱ्हाडी असो की जपानी, लाट ती लाट.

ऐकलं, पण कळलं का?

बोलणं समजणारी यंत्रणा काय करते? ती आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या टप्प्यांनी बारीक बारीक काप करते. प्रत्येक कापात कोणत्या उंचीचा आवाज किती आहे, याचं एक चित्र तयार होतं. त्या चित्रांवरून ती अक्षरं ओळखते, अक्षरांचे शब्द जुळवते, आणि 'या शब्दानंतर सहसा कोणता शब्द येतो' याचा अंदाज लावून वाक्य पक्कं करते.

आता प्रश्न असा, की हे सगळं ती शिकते कुठून? माणसांनी बोललेल्या हजारो तासांच्या रेकॉर्डिंगवरून. ज्यांचे आवाज तिला ऐकवले, त्यांची भाषा तिला येते. लहान मुलासारखंच आहे ते, घरात जे कानावर पडेल तेच तोंडात येणार.

ओपनएआयनं २०२२ मध्ये 'व्हिस्पर' नावाचं मॉडेल आणलं. ते ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलं होतं. त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग इंग्रजी. इतर ९६ भाषांना मिळून १ लाख १७ हजार तास. त्या ९६ जणींच्या रांगेत मराठी. मराठीचं व्हॉइस टायपिंग गुगलनं २०१७ मध्ये सुरू केलं आणि तेव्हापासून बरीच सुधारणा झाली, हे खरं. पण कोणती मराठी?

एक प्रयोग करा. फोनचं व्हॉइस टायपिंग मराठीवर ठेवा आणि आपण घरी बोलतो तसं, अगदी सहज बोला: "मले शायेत जाचं हाय." मग, "तू उद्या येशीन काय?" आणि शेवटी, "तुले डोयानं दिसत नाई का बे?" काय उमटलं ते बघा. मग हीच वाक्यं पुस्तकी मराठीत बोला. फरक मोजा.

घाटावर, घाटाखाली

यात यंत्राला नेमकं काय अवघड जातं? वऱ्हाडीत अनेकांच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो. शाळा म्हणजे शाया, आभाळ म्हणजे आभाय. आता 'डाळ'ची 'डाय' झाली की यंत्राला केसांचा डाय आठवतो. 'माळ'ची 'माय' झाली की ते सरळ आईकडे जातं. आपल्या आजीला हा घोळ कधीच होत नाही. 'डाय शिजली' म्हटल्यावर कुकरच आठवणार, सलून नाही. यंत्रालाही असा अंदाज लावता येतो, पण त्यासाठी 'डाय शिजली' हे वाक्य त्यानं आधी भरपूर ठिकाणी ऐकलेलं असायला हवं. ते त्याला कुणी ऐकवलंय?

मग 'मला'चं 'मले', 'येशील'चं 'येशीन', 'जात आहे'चं 'जाऊन राह्यलो'. ही चुकीची मराठी नाही. तिला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे आणि ती पुस्तकांतही आलेली आहे. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया' ही अख्खी कादंबरी वऱ्हाडीत लिहिली.

शिवाय जिल्हाभर एकच बोली आहे असंही नाही. घाटाखाली शेगाव-खामगावची वेगळी. मलकापूरकडे गेलं की खान्देशाची झाक येते. घाटावर देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे जालना जवळ, तिथं मराठवाडी ढंग लागतो. तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात माणसानं तोंड उघडलं की तो कुठला ते कळतं. हे आपल्याला कळतं, यंत्राला नाही.

'मग प्रमाण मराठीत बोला ना, काय बिघडतं?' असं कुणी म्हणेल. आपलं, कॉलेजवाल्यांचं, फार बिघडत नाही. आपण टाइप करू शकतो, भाषा बदलून बोलू शकतो. बिघडतं ते घरातल्या मोठ्यांचं. सरकारी सेवा आता आवाजावर येऊ लागल्यात. पीएम-किसानच्या प्रश्नांसाठी २०२३ मध्ये 'किसान ई-मित्र' हा आवाजावर चालणारा चॅटबॉट आला. ज्यांना लिहिणं-वाचणं जड जातं, त्यांच्यासाठी तर ही सोय. पऱ्हाटीवर पडलेल्या रोगाबद्दल विचारणारा शेतकरी त्याच्याच शब्दांत विचारणार. तिथंही त्याला 'नीट बोला' ऐकावं लागलं, तर मग ती सोय कुणाची?

सातपुड्याच्या पायथ्याशी

वऱ्हाडी बोलणारे निदान लाखोंनी आहेत. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली बोलली जाते. ही मराठीची बोली नाही. शेजारच्या कोरकूशी तिची देवाणघेवाण भरपूर, पण कोरकूचीही ती बोली नाही. डच अभ्यासक कुइपर यांनी १९६२ मध्ये या भाषेवर पुस्तक लिहिलं. तिच्यातले सुमारे चौथाई शब्द कुठल्याच ज्ञात भाषेशी जुळेनात. म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिला 'एकाकी भाषा' म्हणतात. जगात अशा भाषा मोजक्याच, आणि त्यातली एक आपल्या जिल्ह्यात!

बोलणारे अंदाजे दोन-अडीच हजार. जनगणनेत १० हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांचे आकडे वेगळे छापतच नाहीत, त्यामुळे तिथंही ती 'इतर'मध्ये जाते. स्वतःची लिपी नाही. म्हणजे ती टिकली तर फक्त बोलण्यात आणि ऐकण्यात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. शैलेंद्र मोहन यांनी निहालीचं ध्वनिमुद्रण केलं आणि ते धोक्यातल्या भाषांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात जपलं गेलंय. आवाज रेकॉर्ड करण्याचं तंत्रज्ञान इथं नुसती सोय नाही. एखाद्या भाषेचं ते शेवटचं घरही ठरू शकतं.

दहा मिनिटांची आशा

हजारो तासांचा आवाज आणायचा कुठून, असं वाटत असेल तर एक चांगली बातमी. फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की यंत्राला आधी नुसतंच भरपूर ऐकू द्या. कुणी काय म्हटलं हे लिहून द्यायचं नाही. त्यांनी असे ५३ हजार तास ऐकवले. मग फक्त दहा मिनिटांचा लिहून काढलेला मजकूर दिला, तरी ते कामापुरतं शिकलं. हा प्रयोग इंग्रजीवरचा होता, त्यामुळे निहालीला तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण छोट्या भाषांसाठी दार किलकिलं झालं, हे नक्की.

आपल्याकडेही काम चाललंय. बेंगळुरूच्या आयआयएससी आणि गुगलचा 'वाणी' प्रकल्प भाषा मोजत नाही, जिल्हे मोजतो. माणसाला एक चित्र दाखवायचं आणि 'तुमच्या भाषेत सांगा' म्हणायचं. उद्दिष्ट ७७३ जिल्हे आणि दीड लाखाहून जास्त तास. पहिल्या टप्प्यात ८० जिल्हे होते. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावचे नमुने ऐकण्यासाठी ऑनलाइन ठेवलेत. सरकारच्या भाषिणीवर 'भाषादान' आहे, मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'वर मराठीही आहे. तिथं कुणीही वाक्य वाचून आवाज देऊ शकतं.

मात्र वाक्य वाचायला लागलं की आपण आपोआप पुस्तकी होतो. खरी बोली गप्पांमध्ये असते. म्हणून कॉलेजांनी एक गोष्ट करायला हरकत नाही. एनएसएसच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडं लावतो. तसंच एका शिबिरात गावातल्या मोठ्यांकडून, त्यांची परवानगी घेऊन, पेरणीच्या, पावसाच्या, लग्नाच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या आणि जशा बोलल्या तशा लिहून काढायच्या. 'शाया' असेल तर 'शाया'च लिहायचं, सुधारायचं नाही. मराठी विभाग आणि कॉम्प्युटर विभाग यांनी एकत्र बसून करण्यासारखं याहून चांगलं काम कोणतं?

बड्सचं पुढचं मॉडेल कंपनी आणेलच. त्याला 'डाय' म्हणजे काय ते मात्र आपल्यालाच सांगावं लागेल.

चौकट : बड्स घेताना, वापरताना

• डब्यावर एएनसी लिहिलं असेल तर तुमच्या कानातला गोंगाट कमी होतो. ईएनसी लिहिलं असेल तर कॉलवर समोरच्याला जाणारा गोंगाट कमी होतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, घेताना नीट वाचा.

• जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबल झाला की फक्त ४ तास. एसटीच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम वाढवू नका.

• आवाज हीसुद्धा तुमची खासगी माहिती आहे. कुठल्याही ॲपला तो देण्याआधी ते त्याचं काय करणार हे वाचा. आणि घरच्यांचा आवाज रेकॉर्ड करण्याआधी त्यांना विचारा.