रेसिपी बरोबर, तरी केक का बिघडतो? ओव्हन आणि टिनमागचं साधं विज्ञान

केकच्या कोणत्याही व्हिडिओखाली एक तक्रार हमखास सापडते. सगळं मोजून घेतलं होतं, वेळही लावली होती, तरी केक वरून काळा झाला आणि आतून कच्चा राहिला. मग सल्ले सुरू होतात. मैदा बदला, बेकिंग पावडर जुनी असेल, दही कमी घाला. ओव्हन कोणता होता आणि टिन कसला होता, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

खरं तर रेसिपी लिहिणाऱ्याचा ओव्हन वेगळा, टिन वेगळा आणि तुमचा वेगळा. त्यामुळे '१८० अंशांवर ३५ मिनिटं' ही सूचना तुमच्या घरी जशीच्या तशी लागू होईलच असं नाही. एक केक बिघडला की लोणी, कोको, सुकामेवा सगळंच वाया जातं. घरून ऑर्डर घेणाऱ्यांसाठी तर तो कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक असतो.

त्यामुळे नवी रेसिपी शोधण्याआधी आपला ओव्हन आणि टिन नेमकं कसं काम करतात, हे समजून घेऊया.

ओव्हनच्या आत नेमकं होतं काय?

ओव्हनमध्ये केकपर्यंत उष्णता तीन वाटांनी पोहोचते. तापलेले रॉड सरळ उष्णता फेकतात, गरम हवा चहूबाजूंनी लागते आणि तापलेला टिन मिश्रणाला कडेने आणि बुडाने शेकतो.

मिश्रण तापायला लागलं की बेकिंग पावडरमधून वायू सुटतो, पाण्याची वाफ होते आणि केक फुगतो. ६० अंशांच्या पुढे अंड्यातली प्रथिनं घट्ट व्हायला लागतात आणि मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. यातूनच केकचा सांगाडा तयार होतो. केक शिजतो तेव्हा त्याच्या मधलं तापमान ९५ अंशांच्या आसपास असतं.

वरचा भाग कोरडा होऊन आणखी तापतो. साधारण १४० अंशांच्या पुढे त्याला तांबूस रंग आणि खमंग वास येतो. याला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं होतं.

थोडक्यात, आतून शिजणं आणि बाहेरून रंग येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच वेळी पूर्ण झाली तर केक जमला. बाहेरचं काम आधी उरकलं तर वरून काळा, आतून कच्चा.

ओटीजी, कन्व्हेक्शन की साधा मायक्रोवेव्ह?

ओटीजी म्हणजे ओव्हन, टोस्टर, ग्रिलर. यात वर आणि खाली रॉड असतात. काही मॉडेलमध्ये पंखाही असतो. घरच्या बेकिंगसाठी हा सरळसोट पर्याय आहे.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा गरम हवा फिरवतो. फिरती हवा उष्णता लवकर पोहोचवते, म्हणून पंखा चालू असेल तर रेसिपीतलं तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवतात.

साध्या, म्हणजे 'सोलो' मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः अन्नातलं पाणी तापतं आणि आतली हवा फारशी गरम होत नाही. म्हणून त्यात मग केक होतो, पण त्याला रंग येत नाही आणि बिस्किटं खुसखुशीत होत नाहीत.

धातूचा टिन चालतो का, हा प्रश्न इथे नेहमी येतो. कन्व्हेक्शन मोडवर तो साधारणपणे चालतो, मायक्रोवेव्ह मोडवर नाही. कॉम्बिनेशन मोडमध्ये दोन्ही गोष्टी चालू असतात, त्यामुळे तिथे कंपनीचं माहितीपुस्तक वाचूनच ठरवा.

डायलवरचे १८० अंश खरे असतात का?

बऱ्याचदा नसतात. आधी १८० हा आकडा आला कुठून ते बघू. अमेरिकन रेसिपींमध्ये ३५० अंश फॅरनहाइट असतं. त्याचे सेल्सिअसमध्ये सुमारे १७७ होतात. तेच पूर्ण करून १८० लिहिलं जातं.

ओव्हनमधलं तापमान एका जागी थांबतही नाही. ठरलेला आकडा गाठला की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, हवा थंड झाली की पुन्हा चालू करतो. त्यामुळे तापमान सतत वरखाली होत राहतं. डायलचा काटा मुळातच थोडा इकडेतिकडे असेल तर फरक आणखी वाढतो.

दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर डब्यात घेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणायची पद्धत अनेक घरांत होती. ती नानकटाई एकसारखी भाजली जायची, यात भट्टीचा मोठा वाटा होता. विटांच्या जाड भिंती एकदा तापल्या की तासन्‌तास उष्णता धरून ठेवतात. आपल्या ओटीजीच्या भिंती पातळ पत्र्याच्या असतात, शिवाय रॉड टिनच्या अगदी जवळ. त्यामुळे तिथे चुकायला वाव जास्त.

यावर उपाय म्हणजे ओव्हन थर्मामीटर. तो काही शे रुपयांत मिळतो. मधल्या जाळीवर ठेवा, ओव्हन १८० वर लावा आणि २० मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी तीन-चार वेळा आकडा बघा. त्यांची सरासरी म्हणजे तुमच्या ओव्हनचे खरे '१८०'. ती १९५ आली तर यापुढे डायल १६५ च्या आसपास लावा.

थर्मामीटर नसेल तर साखरेची चाचणी करता येते. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते.

- ओव्हन १७५ वर नीट तापवा. फॉइलच्या वाटीत चमचाभर दाणेदार साखर घालून मधल्या जाळीवर १५ मिनिटं ठेवा. साखर कोरडीच राहायला हवी. वितळली तर ओव्हन डायलपेक्षा जास्त तापतोय.
- आता डायल १९० वर नेऊन ओव्हन तापू द्या आणि दुसरी वाटी १५ मिनिटं ठेवा. साखर वितळायला हवी. तशीच राहिली तर ओव्हन कमी तापतोय.

ही चाचणी ढोबळ आहे, पण तुमच्या ओव्हनचा कल कुठे आहे ते कळतं. ती मायक्रोवेव्ह मोडवर करू नका. वितळलेली साखर भयंकर भाजते, त्यामुळे वाटी लगेच हातात घेऊ नका.

प्रीहीट केलं नाही तर काय बिघडतं?

दही आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. मिश्रण ओव्हन तापायची वाट बघत बसलं तर तो निम्मा वायू बाहेरच जातो. एगलेस केकचा सगळा भार या वायूवर असतो, त्यामुळे तिथे फरक लगेच दिसतो. म्हणून आधी ओव्हन लावा आणि मगच ओलं-कोरडं एकत्र करा.

प्रीहीटचा दिवा विझला की हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात. दिवा विझल्यावरही पाच ते दहा मिनिटं थांबा.

आणि मध्येच दार उघडू नका. छोट्या ओव्हनमधली गरम हवा क्षणात बाहेर जाते. सांगाडा पक्का व्हायच्या आत तापमान पडलं की केक मध्ये बसतो. वेळेचा पाऊण भाग होईपर्यंत काचेतूनच बघा.

कोणता रॉड, कोणती जाळी?

केक, ब्रेड आणि बिस्किटांसाठी वरचा आणि खालचा, दोन्ही रॉड चालू ठेवा. टिन अशा जाळीवर ठेवा की केकचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल. उंच टिन असेल तर जाळी एक खण खाली घ्या. टिनभोवती सगळीकडून निदान इंचभर जागा मोकळी हवी, नाहीतर हवा फिरत नाही.

पिझ्झ्याला खालून जास्त उष्णता लागते, म्हणून तो खालच्या खणात. फक्त वरचा रॉड कधी लागतो, हे समजायला गोव्याचा बिबिंका बघा. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर आणि मैद्याच्या मिश्रणाचा एकेक थर ओतून तो वरून भाजायचा आणि मग पुढचा थर. पारंपरिक पद्धतीत त्यासाठी झाकणावर निखारे ठेवतात. घरी तेच काम वरचा रॉड करतो.

टिन कोणता घ्यायचा?

टिनचं काम मिश्रणापर्यंत उष्णता पोहोचवण्याचं. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टीलच्या सुमारे १५ पट सहज वाहते. काच तर स्टीलच्याही मागे आहे. त्यामुळे एकच रेसिपी तीन भांड्यांत तीन तऱ्हांनी होते.

- जाडसर, फिक्या रंगाचं ॲल्युमिनियम: सुरुवात यापासून करा. सगळीकडून सारखं तापतं आणि स्वस्तही असतं. फार पातळ टिन टाळा, तो वाकतो आणि त्यात केक बुडाला लागतो.
- काळा नॉनस्टिक टिन: गडद रंग रॉडची उष्णता जास्त शोषतो. कडा लवकर करपतात, म्हणून तापमान १० ते १५ अंश कमी ठेवा. त्यात सुरी चालवू नका.
- स्टील: टिकाऊ, पण उष्णता सारखी पसरत नाही. घरातल्या डब्यात केक होतो, मात्र बुडाला कागद हवाच.
- काच: हळू तापते आणि हळू थंड होते. ओव्हन बंद केल्यावरही केक कडेने शिजत राहतो. पुडिंग, लझान्यासाठी उत्तम, स्पंज केकसाठी दुसरी पसंती.
- सिलिकॉन: केक सहज निघतो, पण रंग कमी येतो. साचा मऊ असल्याने खाली ट्रे ठेवा.

काचेत बेकिंग करायची कल्पना तशी शंभर वर्षांपूर्वीची. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत काम करणाऱ्या जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी १९१३ मध्ये बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ वापरून केक केला. तो जमला आणि १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. ओव्हनची काच नेहमीच्या काचेपेक्षा उष्णता जास्त सोसते, तरी फ्रिजमधून काढलेलं भांडं थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका आणि गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका. ते तडकू शकतं.

६ इंच आणि ८ इंच, फरक दोनच इंचांचा?

दिसायला दोन इंच, पण क्षेत्रफळात मोठा. ६ इंची गोल टिनचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, ८ इंचीचं सुमारे ५०. म्हणजे जवळपास पावणेदोन पट. ८ इंचाची रेसिपी ६ इंचात ओतली तर थर जाड होतो, मध्य शिजेपर्यंत कडा करपतात आणि मिश्रण उतू जातं. उलट केलं तर केक भाकरीसारखा चपटा आणि कोरडा.

आणखी एक सोयीचं गणित. ८ इंची चौकोनी टिन (६४ चौरस इंच) आणि ९ इंची गोल टिन (सुमारे ६४) जवळपास सारखेच. एकाऐवजी दुसरा बिनधास्त वापरा. कोणताही टिन अर्धा ते दोन तृतीयांशच भरा.

ओव्हन घेतानाही नुसते लिटर बघू नका. दुकानात टेप लावून आतली रुंदी आणि खोली मोजा. तुमचा सर्वांत मोठा टिन चहूबाजूंनी इंचभर जागा सोडून बसायला हवा.

बटर पेपर कोणता?

दुकानात 'बटर पेपर' या एकाच नावाने वेगवेगळे कागद मिळतात. साधा कागद केकला चिकटतो. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर, म्हणजे पार्चमेंट, सुटा निघतो. पाकिटावर किती तापमानापर्यंत चालतो ते बघून घ्या. मेणकागद ओव्हनमध्ये वापरू नका. टिनच्या बुडाला वर्तमानपत्र तर नकोच, शाई अन्नाला लागते. कागदाची टोकंही टिनबाहेर उभी ठेवू नका, रॉडला लागून पेट घेऊ शकतात.

केक बघून चूक कशी ओळखायची?

- वरून काळा, आत कच्चा: तापमान जास्त किंवा टिन वरच्या रॉडच्या जवळ. १५ अंश कमी करा, एक खण खाली घ्या.
- मध्ये डोंगर आणि भेग: कडा आधी घट्ट झाल्या. तापमान जास्त किंवा टिन गडद.
- मध्ये बसला: दार लवकर उघडलं, केक लवकर काढला किंवा बेकिंग पावडर जास्त झाली.
- एकाच बाजूने करपला: ओव्हनमध्ये तो कोपरा जास्त तापतो. पाऊण वेळ झाल्यावर टिन फिरवा.
- बूड करपलं: टिन पातळ किंवा जाळी खूप खाली.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमान, टिन आणि रेसिपी एकदम बदलली तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

वायरिंगकडे दुर्लक्ष नको

बरेच ओटीजी १२०० ते २००० वॉटचे असतात. २००० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो. मोबाइल चार्जरचा ६ अँपिअरचा सॉकेट आणि मल्टिप्लग त्यासाठी नाहीत. १६ अँपिअरचा पॉवर सॉकेटच वापरा आणि ओव्हनच्या मागे, बाजूला हवा खेळायला जागा ठेवा.

मग आधी काय विकत घ्यायचं?

ओव्हन घरात असेल तर आधी थर्मामीटर, मग ॲल्युमिनियमचे दोन टिन, एक ६ इंची आणि एक ८ इंची, आणि चांगला बेकिंग पेपर. बाकीचे साचे सावकाश घ्या. ओव्हनचा फरक एकदा कळला की तो कागदावर लिहून ओव्हनलाच चिकटवून ठेवा. उदाहरणार्थ, 'डायल १६५ = खरे १८०'. पुढची प्रत्येक रेसिपी वाचताना हा एक आकडा उपयोगी पडेल.