वेगाला लगाम

पावसाळ्यात वारा सुटला असता उघडी छत्री समोर धरून चालणाऱ्या माणसाची तारांबळ सर्वांच्या परिचयाची आहे. छत्री मिटलेली असेपर्यंत तो सुखाने चालत असतो. पण ती उघडून वाऱ्यासमोर धरली, की पुढचे पाऊल टाकणेही कठीण होते. हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या अंगी बळ नाही असे समजणे चुकीचे आहे. हवेच्या याच बळाचा उपयोग करून अमेरिकेतील अत्यंत वेगवान मोटारी थांबविल्या जातात.

या मोटारी ‘ड्रॅग रेस’ नावाच्या शर्यतीत धावतात. ही शर्यत वाटोळ्या किंवा वळणावळणाच्या मार्गावर होत नाही. सरळ, सपाट धावपट्टीवर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि इशारा मिळताच एकदम सुटतात. जी अंतिम रेषा आधी ओलांडील ती विजयी. अमेरिकेत या शर्यतींचे नियमन करणारी संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. शर्यतीचे परंपरेने ठरलेले अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. आजच्या सर्वांत बलाढ्य मोटारी तर त्याहूनही कमी अंतरात, चार सेकंद पुरे होण्यापूर्वीच, ताशी ५३० किलोमीटरांहून अधिक वेग गाठतात.

शर्यत जिंकण्याचे काम एवढ्यात संपते. परंतु खरी कसोटी पुढेच असते. इतक्या वेगाने धावणारी मोटार थांबवायची कशी? साधा ब्रेक चाकाची गती रोखतो आणि मोटार थांबते ती टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. या घर्षणाला मर्यादा असते. ब्रेक फार जोराने दाबला, तर चाके फिरायची थांबतात, पण मोटार घसरतच जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की मोटारीच्या अंगची गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, तर चौपट होते. ती सर्व जिरविताना ब्रेक अतिशय तापतात आणि निकामी होऊ लागतात.

अशा वेळी हवाई छत्री, म्हणजेच पॅराशूट, मदतीला धावून येते. ती मोटारीच्या मागे उघडते आणि हवा तिच्यात कोंडून मोटारीला मागे खेचू लागते. तिच्या कामात रस्त्याच्या घर्षणाचा संबंध येत नाही. तिचा आणखी एक गुण असा, की वेग दुप्पट असेल तर तिची ओढ चौपट होते. म्हणजे संकट जितके मोठे, तितके तिचे बळही मोठे. वेग उतरला, की मात्र ही ओढ झपाट्याने कमी होते आणि उरलेले काम ब्रेक पुरे करतात. विमानांनाही या युक्तीचा उपयोग होतो. पुण्याच्या लोहगाव तळावरून उडणाऱ्या वायुसेनेच्या सुखोई विमानांच्या शेपटीतही अशी छत्री बसविलेली असते.

शर्यतीच्या मोटारींना छत्री बांधून पाहणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅलिफोर्नियातील बिल सिम्प्सन. १९५८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, शर्यतीतील अपघातात त्याचे दोन्ही हात मोडले. तोवर इतर चालकांप्रमाणे त्यालाही इजा झाल्यावरच सुरक्षिततेची आठवण होत असे. या वेळी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला विचार करण्यास पुष्कळ सवड मिळाली. त्याच्या काकांचे सैन्यातील जुन्या सामानाचे दुकान होते. अधिकच्या चिन्हासारख्या आकाराची छत्री वापरून पाहावी, असे त्यांनी सुचविले. सिम्प्सनने भाड्याने शिवणयंत्र आणले आणि तशी छत्री शिवून काढली. या आकारात चारही बाजूंच्या मोकळ्या जागांतून जास्तीची हवा निघून जाते. त्यामुळे छत्री डावीउजवीकडे हेलकावे न खाता सरळ मागे राहते. पुढे सिम्प्सनने शर्यतचालकांसाठी सुरक्षा साहित्य तयार करण्यातच आयुष्य वेचले. २०१९ मध्ये त्याचे निधन झाले.

छत्री निवडताना मोटारीचे वजन आणि तिचा वेग या दोहोंचा विचार करावा लागतो. लहान छत्री अपुरी पडते. तर वाजवीपेक्षा मोठी छत्री उघडताच असा हिसका देते, की मोटार आणि चालक दोघांनाही धोका पोहोचतो. ती कोठे बांधावी यालाही महत्त्व आहे. तिची ओढ मोटारीच्या गुरुत्वमध्याच्या रेषेत यावी लागते. ती फार खालून लागली तर मागची चाके उचलली जाऊ लागतात. फार वरून लागली तर पुढची. दोरीही पुरेशी लांब हवी. कारण धावत्या मोटारीच्या अगदी मागे हवा घुसळलेली असते आणि तिच्यात छत्री नीट फुलत नाही.

वापरातही तितकीच दक्षता हवी. छत्रीचे कापड फाटलेले किंवा ओले नाही ना, दोऱ्या गुंतलेल्या नाहीत ना, हे पाहून तिची नीट घडी घालावी लागते. नायलॉनचे कापड दीर्घकाळ उन्हात राहिले, तर दुबळे होते. अंतिम रेषेजवळ येताच चालक एक दांडा ओढतो. त्यासरशी स्प्रिंगच्या जोराने एक चिमुकली छत्री बाहेर उडते, वारा पकडते आणि मोठ्या छत्रीला ओढून बाहेर काढते. आडवा वारा असेल, तर मोटार बाजूला खेचली जाते. म्हणून सुकाणूचक्र घट्ट धरून ठेवावे लागते. ताशी २४१ किलोमीटरांच्या पुढे धावणाऱ्या मोटारीस एक, आणि ३२२ किलोमीटरांच्या पुढे धावणारीस दोन छत्र्या असाव्यात, असा संघटनेचा नियम आहे. या दोन छत्र्या निरनिराळ्या ठिकाणी बांधतात. एकीने दगा दिला, तरी दुसरी कामी येते.

एवढे करूनही कधी कधी घात होतो. जून २००८ मध्ये न्यू जर्सी राज्यातील इंग्लिशटाऊन येथे स्कॉट कालिटा या नामवंत चालकाच्या मोटारीचे इंजिन अंतिम रेषेजवळ फुटले. छत्र्यांची हानी झाली आणि त्या मोटारीला आवरू शकल्या नाहीत. धावपट्टीच्या टोकाला पसरलेल्या वाळूतूनही मोटार पुढे गेली आणि कालिटा प्राणास मुकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत संघटनेने सर्वांत वेगवान मोटारींच्या शर्यतीचे अंतर १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर केले. शर्यत तेवढी आखूड झाली आणि थांबण्यास तेवढी अधिक जागा मिळाली. पुढे असा स्फोट होताच इंधन आपोआप बंद करणारी आणि छत्र्या उघडणारी यंत्रणाही मोटारींत बसविण्यात आली.

शर्यत चार सेकंदांत संपते. पण तिच्यामागे छत्री शिवणाऱ्याचे, घडी घालणाऱ्याचे आणि नियम करणाऱ्याचे कितीतरी दिवसांचे श्रम असतात. उधळत्या घोड्यावर स्वार होणारा शहाणा मनुष्य आधी लगाम तपासून पाहतो. वेगाची हौस धरणाऱ्याने थांबण्याची तयारी निघण्यापूर्वीच केली पाहिजे.