केशरी ग्लासचं गणित

तुमच्या ओळखीतलं कुणी युरोप फिरून आलं असेल, तर हा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. पोटुशा वाइन ग्लासमध्ये काठोकाठ बर्फ, मावळतीच्या उन्हासारखं केशरी पेय, वर संत्र्याची चकती, मागे कुठला तरी कालवा किंवा चर्चचा घुमट. त्या पेयाचं नाव अ‍ॅपरोल स्प्रिट्झ. चवीला गोडसर, मग हळूच कडवट, वर नाकात जाणारे बुडबुडे. आणि प्यायला सोपं. इतकं सोपं, की तिथेच घोळ होतो.

माझा झाला. एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर आम्ही सहा जणी जमलो होतो. एकीने परदेशातून येताना अ‍ॅपरोलची बाटली आणली होती. ‘काही नाही गं, हे सरबतच आहे’ असं म्हणत आम्ही अंदाजपंचे ओतत गेलो. तिसऱ्या ग्लासनंतर मी सोफ्यावर आडवी. मागवलेली बिर्याणी तशीच गार झाली. सगळ्यात वाईट म्हणजे आमच्यातली एक ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत स्कूटरची किल्ली शोधत होती. ती किल्ली फ्रिजमध्ये लपवायचं एका शहाणीला सुचलं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत असताना मी बाटलीवरचं लेबल वाचलं. आदल्या दिवशी वाचायला हवं होतं. अ‍ॅपरोलमध्ये अल्कोहोल ११ टक्के. ‘बघ, फक्त ११!’ असं तुम्ही म्हणाल, आम्हीही तेच म्हणत होतो. पण एका ग्लासात ६० मिली अ‍ॅपरोल आणि साधारण तेवढीच कडक असलेली ९० मिली फसफसणारी वाइन जाते. म्हणजे १५० मिलीचे ११ टक्के, साधारण साडेसोळा मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये ते १३ मिलीच्या आसपास असतं. म्हणजे हे ‘सरबत’ स्मॉल पेगपेक्षा जास्त आहे, आणि असे दोन ग्लास झाले की लार्ज पेगच्या पुढे गेलात. व्हिस्की घशाला लागते, म्हणून माणूस आपोआप थांबतो. इथे साखर, संत्रं आणि बर्फ मिळून ती सूचनाच बंद करून टाकतात.

गंमत म्हणजे या पेयाचा जन्म दारू पातळ करण्यातून झालाय. व्हेनिस आणि आसपासचा व्हेनेतो प्रांत १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथे आलेल्या ऑस्ट्रियन शिपायांना आणि व्यापाऱ्यांना स्थानिक वाइन कडक वाटायची, म्हणून ते तिच्यात पाण्याचा शिडकावा मागायचे, असं सांगतात. जर्मन भाषेत शिंपडणं म्हणजे ‘श्प्रिट्झन’, त्यावरून स्प्रिट्झ. पुढे पाण्याच्या जागी सोडा आला आणि विसाव्या शतकात त्यात कडवट लिकर मिसळू लागले. अ‍ॅपरोल त्यातलंच एक. बार्बिएरी बंधूंनी ते १९१९ साली पाडुआच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आणलं.

कडवटच का? तर हे जेवणाआधीचं पेय आहे. इटालियन लोक याला ‘अपेरितीवो’ म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ उघडणं; इथे उघडायची ती भूक. संध्याकाळी काम संपल्यावर एक ग्लास, सोबत ऑलिव्ह, वेफर्स, शेंगदाणे, तासभर गप्पा आणि मग घरी जाऊन जेवण. कडू चवीचं आपल्याला नवल नाही. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची चटणी चाटलेली जीभ आहे आपली. पण ‘बसणं’ म्हटलं की आपल्याकडे जेवण शेवटी, रात्री साडेअकराला, तेही कुणाला शुद्ध असेल तर. स्प्रिट्झचा सगळा हिशेब याच्या उलटा आहे.

आता करायचं कसं. त्याआधी एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट: महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ आहे, बाकी मद्यासाठी २५. अ‍ॅपरोल हे लिकर, त्यामुळे २५ पूर्ण नसतील तर खाली तुमच्यासाठीही एक ग्लास आहे, तिकडे जा.

मूळ कृतीत वाइन असते प्रॉसेको. २००९ पासून हे नाव ईशान्य इटलीच्या ठरावीक भागातल्या वाइनसाठीच राखीव आहे, त्यामुळे आपल्याकडे ती आयात केलेली आणि महाग मिळते. पण आपल्या नाशिकला चांगली स्पार्कलिंग वाइन बनते, ती खुशाल वापरा. (त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावची स्पार्कलिंग वाइन ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी गेली होती.) लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेली घ्या. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवं आहे, ती ब्रूटपेक्षा गोड असते आणि अ‍ॅपरोलमध्ये साखर आधीच भरपूर आहे.

बाटली किमान तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा. गार वाइनमध्ये वायू विरघळून राहतो. कोमट बाटली उघडलीत तर अर्धी वाइन छतावर. उघडण्याची पद्धत सिनेमात दाखवतात त्याच्या बरोबर उलट आहे. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, म्हणून तोंड माणसांकडे नको, ट्यूबलाइटकडे नको. तारेची जाळी सैल करायला घेतल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बूच नाही, बाटली फिरवा. ‘फट्’ नाही, ‘फुस्स’ असा आवाज आला, की जमलं.

मग ग्लास बर्फाने पूर्ण भरा. इथे कंजुषी करू नका. दोनच खडे टाकले तर ते चटकन वितळतात आणि पेय पाणचट होतं. भरपूर बर्फ एकमेकाला गार ठेवतो. प्रमाण तीन-दोन-एक. पेग मेझरच्या ३० मिलीच्या बाजूने तीनदा वाइन, दोनदा अ‍ॅपरोल, एकदा साधा सोडा. लिंबाचा किंवा मसाला सोडा नको. क्रमही हाच ठेवा. अ‍ॅपरोल साखरेमुळे जड असतं, वाइननंतर ओतलं की खाली उतरता उतरता स्वतःच मिसळतं. चमचा एकदा हलकेच फिरवा, बस. शेकरमध्ये घालून हलवायचा मोह झाला तर आवरा, बुडबुडे तिथेच संपतील. वरून संत्र्याची जाड चकती, बिया काढून. व्हेनिसमध्ये काडीला टोचलेलं हिरवं ऑलिव्हही टाकतात. त्याचा खारटपणा मला आवडला, माझ्या मैत्रिणींना अजिबात नाही.

आता २५च्या आतल्यांसाठी, गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि दारू नकोच असणाऱ्यांसाठी. टॉनिक वॉटरमध्ये क्विनिनचा कडवटपणा असतोच. बर्फावर १५० मिली टॉनिक, ३० मिली ताजा संत्र्याचा रस, चिमूटभर मीठ आणि संत्र्याची साल पिळून तिचं तेल वर. खुद्द इटलीतही बिनदारूचं कडवट अपेरितीवो बाटलीत मिळतं, तेव्हा हे काही दुय्यम नाही. ग्लास मात्र तोच द्या, स्टीलचा पेला नको. ‘तू ज्यूसवाली’ असं हिणवणं निम्मं तरी तिथेच थांबतं.

७५० मिलीच्या वाइनमध्ये आठ ग्लास होतात. उघडलेली वाइन दुसऱ्या दिवशी मरगळते. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवला की बुडबुडे टिकतात ही निव्वळ अफवा, टिकतात ते घट्ट दाबाच्या खास बुचाने, तेही दिवसभरच. म्हणून हे एकट्याने करायचं पेय नाही. सहा-सात जणं असतील तेव्हाच बाटली उघडा. अ‍ॅपरोलची बाटली मात्र घट्ट बंद करून पुढच्या बैठकीपर्यंत आरामात राहते.

परवा आम्ही त्याच सहा जणी पुन्हा जमलो, यावेळी माझ्याकडे. पेग मेझर टेबलावर, खारे शेंगदाणे, काकडी, घरचे पोह्याचे पापड. स्कूटरवालीने टॉनिकचा ग्लास घेतला. साडेसातला पहिला घोट, साडेआठला ग्लास रिकामे. दुसरा ओतू का, असं मी विचारणार, तेवढ्यात तिघी एकदम म्हणाल्या, ‘जेवायला काय आहे गं?’

भरीत-भाकरी होती. एकही भाकरी उरली नाही.