भाड्याचा सर्व्हर, भाग 6 : काकांना ओसरीपर्यंतच

आमच्या दिवाळी अंकाची पानं लावणारे काका दर सप्टेंबरात एकच प्रश्न विचारतात, "फायली कुठं टाकू?" पहिल्या वर्षी मी त्यांना पेनड्राइव्ह घेऊन यायला लावलं. दुसऱ्या वर्षी ईमेलवर भागवलं, तर जोडपत्राच्या मर्यादेत काही बसेना आणि बिचारे एका पुरवणीचे अकरा तुकडे करून पाठवत बसले. तिसऱ्या वर्षी वैतागून मी सर्व्हरचा माझाच पासवर्ड फोनवर सांगून टाकला. रूटचा.

काकांनी महिनाभर फायली व्यवस्थित टाकल्या. मग एका रात्री फोल्डर ओढताना माउसवरचं बोट सुटलं आणि अंकाचं अख्खं संकेतस्थळ शेजारच्या 'जुने' नावाच्या फोल्डरात जाऊन बसलं. सकाळी पाहतो तर अंक गायब. यात काकांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यांना चार फायली ठेवायला ओसरी हवी होती. मी तिजोरीसकट वाडा त्यांच्या हवाली केला होता.

गेल्या आठवड्यात आपण आपल्या किल्लीने सर्व्हरमध्ये शिरलो. आज दुसऱ्या माणसाला आत घ्यायचंय, तेही ओसरीपर्यंतच. नुसतं आत घेणं दोन मिनिटांचं काम आहे. बाकीचा सगळा वेळ त्या 'पर्यंतच'मध्ये जातो. (आज्ञा मी नेहमीप्रमाणे उच्चारानुसार लिहितोय, टाइप करताना त्या रोमन छोट्या लिपीत.)

'फायली टाकायची सोय' म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी एकच शब्द येतो, एफटीपी. त्याचा पहिला मसुदा आरएफसी 114 या नावाने 16 एप्रिल 1971 रोजी निघाला आणि तो लिहिला होता अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते एमआयटीत गेले होते. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याची टीसीपी-आयपी ही भाषासुद्धा तेव्हा नव्हती. अर्पानेटवर ती रुळली 1 जानेवारी 1983 ला. फायली इकडून तिकडे नेण्याची रीत आधी ठरली, रस्ता नंतर पक्का झाला.

त्या काळाच्या खुणा एफटीपीच्या अंगावर अजून आहेत. एक म्हणजे दोन जोडण्या. बोलणं एका तारेवर, माल दुसरीवर. पोर्ट 21 वर तुम्ही 'ही फाइल दे' म्हणता आणि फाइल मात्र वेगळ्या जोडणीवरून येते. मूळ पद्धतीत तर तुमचं यंत्र सर्व्हरला आपला पत्ता आणि पोर्ट सहा आकड्यांत कळवतं आणि सर्व्हर पोर्ट 20 वरून उलटा फोन लावतो. सहांतले पहिले चार आकडे पत्त्याचे; पाचव्याला 256 ने गुणून सहावा मिळवला की पोर्ट. 195 आणि 80 आले तर 50000. हिशेब सुबक आहे, पण काकांच्या घरच्या राउटरमागे बाहेरून आलेला फोन पोचतच नाही. मग पॅसिव्ह पद्धत वापरा, त्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पोर्टांची एक लांबलचक रांग उघडी ठेवा. 'लॉगिन होतंय पण यादी दिसत नाही' ही एफटीपीची सनातन तक्रार इथूनच येते.

दुसरी खूण जास्त गंभीर. पासवर्ड उघडा जातो. पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा, वाटेत ज्याच्या हाती लागेल तो वाचेल. एफटीपीला टीएलएसचं पाकीट चढवून एफटीपीएस करता येतं, पण दोन तारांचा घोळ तसाच राहतो. आणि ज्या दरवाजाची गरज नाही तो बसवायचाच कशाला? 2011 च्या जुलैत उघडकीला आलेली गोष्ट सांगतो. व्हीएसएफटीपीडी नावाचा एफटीपी सर्व्हर आहे. नावातले पहिले दोन शब्द 'अतिशय सुरक्षित'. त्याच्या 2.3.4 आवृत्तीची जी प्रत डाउनलोडसाठी ठेवलेली होती तिच्यात कुणीतरी गुपचूप फेरफार केला होता. वापरकर्त्याच्या नावात कोलन आणि कंस, म्हणजे हसरा चेहरा, टाइप केला की पोर्ट 6200 वर सर्व्हरचा ताबा मिळायचा. मूळ लेखकाचा यात दोष नव्हता, आणि प्रत लगेच बदलली गेली. माझं म्हणणं एवढंच की उघडा असलेला प्रत्येक दरवाजा राखावा लागतो.

आपल्याकडे एक दरवाजा आधीच राखलेला आहे, 22 नंबरचा. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड गोळा केले. तिथल्या तातू युलेनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. एफटीपीचा 21 आणि टेलनेटचा 23 यांच्यामधला 22 मोकळा होता. दोघांची जागा घ्यायची तर बसावं दोघांच्या मधोमध, म्हणून त्याने पोर्टांचे क्रमांक वाटणाऱ्यांना साधं ईमेल पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नंबर मिळाला. आज साधं पार्किंग मिळायलाही याहून जास्त दिवस लागतात.

या 22 मधूनच जी फायलींची ने-आण होते ती एसएफटीपी. नावावरून फसू नका. हे एफटीपीचं सोवळं नेसलेलं रूप नव्हे, कूळच वेगळं. एकच जोडणी, सगळं कुलूपबंद. तुमच्या सर्व्हरवर ती सोय बहुधा आत्ताही चालू आहे, म्हणजे नवं काही बसवायचं नाही. करायचं आहे ते आवरायचं.

काकांसाठी आधी एक गट करा, समजा 'फायलीवाले'. मग त्या गटात काकांचं खातं, आणि त्याचं शेल 'नोलॉगिन'. आता एसआरव्हीखाली 'एसएफटीपी', त्याच्या आत 'काका' आणि त्याच्या आत 'पाने' असं फोल्डरात फोल्डर करा. मग एसएसएचडी-कॉन्फिग ही फाइल उघडा. 'सबसिस्टिम एसएफटीपी' अशी ओळ असेल. तिच्यापुढचा पत्ता खोडून 'इंटर्नल-एसएफटीपी' लिहा. फाइलीच्या अगदी तळाशी 'मॅच ग्रुप फायलीवाले' आणि त्याखाली तीन ओळी : 'सीएच-रूट-डिरेक्टरी'पुढे 'काका' फोल्डरचा पत्ता, 'फोर्स-कमांड'पुढे 'इंटर्नल-एसएफटीपी', आणि 'अलाउ-टीसीपी-फॉरवर्डिंग'पुढे 'नो'. फाइलीत ही नावं मधल्या रेघा न देता सलग लिहायची. 'इंटर्नल-एसएफटीपी'मधली रेघ मात्र खरी.

तळाशीच का? 'मॅच' सुरू झाला की पुढचा 'मॅच' येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंतचं सगळं त्याच्या पोटात जातं. मधे लिहिलात तर खालचे नियम फक्त काकांना लागू व्हायला लागतील.

सीएच-रूट म्हणजे काकांच्या डोळ्यांपुरतं जग तिथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्यांना 'काका' हे फोल्डरच सर्व्हरचं मूळ दिसतं. वर जायला जिनाच नाही. तिसरी ओळ लोक हमखास गाळतात. ती नसेल तर काकांच्या खात्यावरून सर्व्हरच्या आतल्या पोर्टांपर्यंत बोगदा काढता येतो, आणि तुमचा डेटाबेस बाहेरच्यांना बंद असला तरी घरच्यांना दार उघडतो.

आता निम्मी दुनिया जिथे अडखळते ती जागा. सगळं केलं, पासवर्डही बरोबर, आणि जोडणी होते न होते तोच तुटते. काकांना दिसतं फक्त 'संपर्क तुटला'. सर्व्हरच्या नोंदीत मात्र लिहिलेलं असतं की सीएच-रूट फोल्डरची मालकी किंवा परवानग्या चुकीच्या आहेत. नियम असा : ज्या फोल्डरात माणसाला कोंडायचं ते फोल्डर, आणि मुळापासून तिथपर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक फोल्डर, रूटच्याच मालकीचं हवं, आणि रूटशिवाय कुणालाही त्यात लिहिता येता कामा नये. आकड्यात 755. आपण भाबडेपणाने 'काका' फोल्डर काकांच्या नावे करतो आणि सर्व्हर बरोबर तिथेच अडतो. ज्याला कोंडलं त्यालाच भिंती सरकवता आल्या तर कोंडल्याला अर्थ काय! म्हणून तर आत 'पाने' केलं. ते काकांच्या नावे करा. लिहायचं ते तिथे लिहितील.

वैतागून 777 मारू नका. मी मारलेलं आहे. जोडणी तरीही तुटतेच, कारण 777 म्हणजे कुणीही लिहावं, आणि नेमकं तेच इथे चालत नाही.

बदल केल्यावर सेवा पुन्हा सुरू करण्याआधी 'एसएसएचडी डॅश टी' चालवा. स्पेलिंग चुकलं असेल तर ते ओळीचा क्रमांक सांगतं, काही चुकलं नसेल तर गप्प बसतं. आणि चालू असलेली स्वतःची खिडकी बंद करू नका; दुसऱ्या खिडकीतून नव्याने शिरून दाखवा, मगच पहिली मिटा. हे न पाळल्यामुळे स्वतःच्याच सर्व्हरच्या दारात उभे राहिलेले लोक मला माहीत आहेत. एकाला तर मी आरशात रोज पाहतो.

काकांची किल्ली त्यांच्या संगणकावर करून घ्या, एड-25519 जातीची, आणि तिचा सार्वजनिक भाग तेवढा मागवा. तो होमखालच्या त्यांच्या फोल्डरात, डॉट-एसएसएचमध्ये, ऑथराइज्ड-कीज या फाइलीत ठेवायचा. मालकी काकांच्या नावे. कोंडण्याआधी सर्व्हर किल्ली तपासतो, त्यामुळे ती ओसरीच्या बाहेर असली तरी चालते. पहिल्यांदा जोडताना त्यांना सर्व्हरचा अंगठा दाखवला जाईल, शा-256 नंतरची 43 अक्षरांची माळ. बहुतेक जण न बघता 'हो' म्हणतात. आम्ही फोनवर ताडून पाहिली. "क्यू कॅपिटल की स्मॉल?" "मोठा. शेपटीवाला." पाच मिनिटं लागली, आणि आपण भलत्याच सर्व्हरला फायली देत नाही हे पक्कं झालं.

मग काकांच्या खात्याने साध्या एसएसएचने आत यायचा प्रयत्न करा. इथे फक्त एसएफटीपी चालतं, असं एका वाक्यात सांगून सर्व्हर बाहेर काढेल. ते वाक्य दिसलं की समजा जमलं.

फायली 'पाने'मध्ये आल्या, पण संकेतस्थळ दुसरीकडे आहे. इथे शॉर्टकट म्हणून सिमलिंक घालायचा मोह होतो. चालत नाही. काकांचं जग 'काका'पाशी संपतं. त्या दुव्याने सांगितलेला पत्ता त्या जगातच शोधला जातो आणि सापडत नाही. एक फोल्डर दोन ठिकाणी दाखवायचं तर 'माउंट डॅश डॅश बाइंड' वापरा आणि एफएसटॅबमध्ये ओळ लिहा, नाहीतर सर्व्हर पुन्हा चालू झाला की जोड गेली. मी स्वतः हल्ली जोड देतच नाही. फायली 'पाने'त येतात, मी पाहतो आणि मग पुढे सरकवतो. संपादक असल्याचा तेवढा तरी फायदा घ्यावा.

शेवटी मराठीचं म्हणून एक दुखणं. काकांकडे जुना मॅक आहे. एकदा त्यांनी 'दुसऱ्या_लेखाचं_चित्र' अशा नावाची फाइल टाकली. यादीत नाव दिसतंय, पानावर दुवाही तोच, तरी चित्र सापडत नाही म्हणून सर्व्हर अडून बसला. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी. तासाभराने लक्षात आलं, भानगड 'ऱ्या'तल्या त्या ऱ ची आहे. युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो : सबंध एक अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असे दोन मिळून. डोळ्यांना फरक नाही. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावं फोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे, साठवायची. मी दुवा टाइप केला पहिल्या प्रकारे. लिनक्स नावाकडे अक्षरं म्हणून पाहतच नाही, बाइट मोजतो. एकीकडे ऱ चे तीन बाइट, दुसरीकडे सहा. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली. तेव्हापासून आमचा नियम : फाइलीचं नाव रोमन छोट्या अक्षरांत आणि आकड्यांत, मराठी फाइलीच्या आत. मला हा नियम आवडत नाही, पण तासभर पुन्हा घालवायचा नाही.

अंक छापायला गेला की काकांचं खातं बंद करायचं. पासवर्डला कुलूप लावून भागत नाही. डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत किल्लीने येणारा तरीही आत येतो, कारण त्याला कुणी पासवर्ड विचारतच नाही. खात्यालाच मुदत घालावी लागते, 'चेज डॅश कॅपिटल ई' आणि पुढे तारीख. यंदा मी ती खातं उघडतानाच घातली. काकांनी विचारलं, "आणि अंक लांबला तर?" मी तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली. अंक लांबतोच.

पुढच्या भागात : बॅकअप, आणि 'जुने' फोल्डरातून संकेतस्थळ परत कसं आलं.