टेलिफोनचा दुभाषी

टेलिफोनवर आपण बोलतों, एवढेंच आपल्या ध्यानांत राहतें. परंतु प्रत्येक संभाषणाच्या आगेंमागें खुणांची देवघेव चाललेली असते. आपण नंबर लावतों, पलीकडे घंटा वाजते, कोणी फोन उचलतो, अखेर कोणी तो खालीं ठेवतो. या साऱ्या खुणाच होत. १८८२ सालीं मुंबईंत टेलिफोन एक्स्चेंज उघडलें, तेव्हां हें काम तेथें बसलेला माणूस करीत असे व नंबर त्याला तोंडीं सांगावा लागे. आज तें यंत्रें करितात; मात्र त्या यंत्रांची भाषा एक नाहीं. दोन भाषांच्या सीमेवर जो दुभाषी उभा असतो, त्याला ‘व्हॉइस गेटवे’ म्हणतात.

जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी हें गांव घ्या. २०२३ सालच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळें त्याचें नांव घरोघरीं पोंचलें. समजा, तेथील एक शेतकरी मोबाइलवरून मुंबईच्या एका बँकेशीं बोलूं लागला. चौथ्या पिढीच्या मोबाइलमध्यें त्याच्या आवाजाचे सेकंदाला सुमारें ५० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा क्रमांक व वेळ लिहिलेल्या पाकिटांत घालून धाडला जातो. यालाच ‘पॅकेट’ म्हणतात. बँकेंत मात्र जुन्या पद्धतीची, एका वेळीं ३० संभाषणें नेणारी तार असूं शकते. तेथें प्रत्येक संभाषणासाठीं सेकंदाला ६४,००० बिटांची वाट शेवटपर्यंत राखून ठेविलेली असते. या दोन रीतींच्या मध्यें गेटवे बसतो.

त्याचें पहिलें काम खुणांच्या भाषांतराचें. पॅकेटांच्या बाजूला १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली ‘सिप’ ही भाषा चालते. तिच्यांतलें ‘इन्व्हाइट’ हें आमंत्रण आलें, कीं गेटवे त्याचें जुन्या भाषेंतील मागणींत रूपांतर करितो. बँकेंत घंटा वाजूं लागली, कीं ‘१८०’ ही वर्दी परत जाते. फोन उचलला, कीं ‘२००’. बँकेचा फोन गुंतलेला असेल, तर जुनी भाषा ‘१७’ हें कारण सांगते व गेटवे त्याचें ‘४८६’ करितो. फोन ठेवल्याची खूण मध्येंच हरवली, तर संभाषण संपूनहि तार अडकून राहते.

दुसरें काम अधिक नाजूक. बँकेचें यंत्र म्हणतें, ‘खातें क्रमांक दाबा.’ शेतकरी ५ दाबतो. जुन्या तारेवर ५ म्हणजे सेकंदाला ७७० व १३३६ कंपनांचे दोन सूर एकदम. मोबाइलवरील आवाज मात्र मानवी कंठाचा नमुना पुढें ठेवून संक्षिप्त केलेला असतो; त्या सांच्यांत हे शुद्ध सूर विद्रूप होतात. शिवाय एखादें पॅकेट वाटेंत गहाळ होतें. बोलण्यांतील एक अक्षर गळलें, तरी कान अर्थ लावून घेतो. क्रमांकांतील एक अंक गळला, तर खातें दुसऱ्याचें होतें. सूर मध्येंच तुटला, तर एका ५ चे दोन होतात.

म्हणून २००० सालीं एक नियम प्रसिद्ध झाला व २००६ सालीं तो सुधारला गेला: सूर धाडूं नका, बातमी धाडा. ‘५ ची कळ अमुक क्षणीं दाबली, इतका वेळ दाबलेली आहे,’ असें पॅकेटामागून पॅकेट सांगत जातें. आरंभाचा क्षण तोच, काळ तेवढा वाढता. म्हणून एखादें हरवलें तरी बिघडत नाहीं. कळ सोडल्याची बातमी तीनदां धाडतात. गेटवे आरंभाचा क्षण पाहून ही एकच कळ आहे हें ओळखतो आणि बँकेच्या तारेवर ते दोन सूर नव्यानें वाजवितो. साधा टेलिफोन जोडलेल्या गेटवेला आणखी एक दक्षता घ्यावी लागते: बातमीबरोबर मूळ सूरहि आवाजांतून निसटला, तर तोच अंक दोनदां मोजला जातो.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट लक्षांत ठेवावी. यंत्रानें अंक चुकीचा घेतला, तर कळ अधिक जोरानें दाबून उपयोग नाहीं. दोष बोटाचा नसून बहुधा सीमेवरच्या दुभाष्याचा असतो. प्रत्येक कळ सावकाश, एकदांच दाबावी. आणि यंत्र क्रमांक वाचून दाखवील, तेव्हां तो नीट ऐकल्यावांचून संमतीची कळ दाबूं नये.